आखून ठेवलेल्या ओळी : एका घरातल्या दोन मांजरांचं प्रकरण

फोन मुलासाठी होता. सात वर्षांचा मुलगा रात्री झोपायला तयार नाही. आणि दुपारी बाबा जरा आडवे झाले की जवळ येऊन बोटांनी त्यांच्या पापण्या उघडून बघतो. सुरुवातीला घरात सगळ्यांना गंमत वाटली. मग एकदा बाबांचा डोळा लवकर उघडला नाही, तर हा किंचाळत घराबाहेर पळाला. तेव्हा आईने मला, म्हणजे एका समुपदेशकाला, फोन केला.

मांजरांचा उल्लेख आला तो शेवटी, जाता जाता. "घरात दोन मांजरं होती, ती गेली मध्यंतरी. पण त्याला आता दिवस झालेत." किती दिवस, असं विचारलं तर उत्तर क्षणात आलं. चिमीला बारा आठवडे, बंड्याला तीन. ज्या माणसाला आठवडे असे तोंडपाठ असतात, त्याला काही 'दिवस झालेले' नसतात.

कागदावर हे प्रकरण मुलाच्या नावाने नोंदलेलं आहे. भेटी पाच झाल्या आणि त्यातली जेमतेम दीड भेट मुलाला लागली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मांजरांची नावंही खरी नाहीत.

घर

आई, बाबा, वसतिगृहात राहून शिकणारी वीस वर्षांची ताई आणि हा धाकटा. चिमी सतरा वर्षांची होती. ती आली तेव्हा ताई तीन वर्षांची, म्हणजे चिमी नसलेलं घर ताईला आठवतच नाही. बंड्या नऊ वर्षांचा, धष्टपुष्ट, कुणाच्याही अध्यातमध्यात नसलेला बोका.

चिमीच्या मूत्रपिंडांचा आजार कळला तो शेवटच्या दीड वर्षात. म्हाताऱ्या मांजरांमध्ये तो फार आढळतो आणि उशिराच कळतो. रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडांचं सुमारे तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. बाहेरून दिसतं ते इतकंच की मांजर पाणी जास्त पितंय. आईला ते दिसलं होतं. "उन्हाळा आहे म्हटलं," ती म्हणाली. अपराधाची पहिली गाठ ही, आजार कळण्याच्याही आधीची.

पुढे चौदा महिने रोज रात्री नऊ वाजता आईने चिमीला घरीच त्वचेखाली सलाइन दिलं. दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, सुई आत सरकवायची आणि बाटलीवरच्या खुणेकडे बघत बसायचं. शंभर मिली गेलं की पाठीवर मऊ उंचवटा यायचा, तो हळूहळू एका पायाकडे ओघळायचा आणि चिमी रात्रभर तिरकी चालायची. या सगळ्याची एक वही होती. तारीख, वजन, किती मिली, उलटी, खाणं.

शेवटच्या दोन महिन्यांत डॉक्टरांनी वहीत एक रकाना वाढवायला सांगितला. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यांनी केलेली एक मोजपट्टी आहे. वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर जगणं बऱ्यापैकी आहे असं धरतात. चिमीची बेरीज चव्वेचाळीसवरून एकोणतिसावर आली. एका सकाळी डॉक्टर घरी आले आणि सलाइनच्याच टॉवेलवर तिला शेवटचं इंजेक्शन दिलं. आई जवळ होती, बाबा दाराची चौकट धरून उभे, मुलगा शाळेत. ताईची परीक्षा चालू होती, म्हणून तिला सांगितलं नाही.

नऊ आठवड्यांनी, पहाटे, बंड्या गेला. बाबा त्याला एकटेच गाडीतून घेऊन गेले आणि खोकं घेऊन परत आले. "वाटेतच गेला," एवढंच बोलले.

पहिली भेट, आणि माझी चूक

आई आणि मुलगा आत आले. बाबा म्हणाले, "मी गाडीत बसतो," आणि मी त्यांना बसू दिलं. त्यांना मांजरांचं विशेष काही नव्हतं, असं आईने सांगितलं होतं. मी तेही तसंच लिहून घेतलं. ते टिपण अजून माझ्याकडे आहे आणि ते वाचायला मला आवडत नाही.

मुलाचं गणित मात्र चोख होतं. चिमीला डॉक्टरांनी 'झोपवलं'. बंड्या बाबांबरोबर गाडीत गेला आणि 'झोपला'. दोघंही परत आले नाहीत. बाबा दुपारी झोपतात. यात त्याचं काय चुकलं? मरण परत फिरत नाही, त्यात शरीराचं सगळं काम थांबतं, आणि ते प्रत्येक सजीवाला येतं, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळू लागतात, पण एकदम नाही, तुकड्यातुकड्याने. याला पहिली कळली होती. दुसरी आपण मोठ्यांनीच 'झोपवलं' या शब्दाखाली झाकून ठेवली होती. पशुवैद्यांकडे सगळे हाच शब्द वापरतात. आपल्याला तो सोपा पडतो म्हणून.

मी आईला म्हटलं, "'मेली' हा शब्द तुम्ही वापरा." पहिल्यांदा ती "चिमी म्हणजे…" इतकंच बोलली. दुसऱ्यांदा "चिमी गेली" म्हणाली. तिसऱ्यांदा मुलाकडे न बघता, टेबलाच्या कडेला बोट घासत म्हणाली, "चिमी मेली. तिचा श्वास थांबला. तिला आता काही दुखत नाही, ऐकू येत नाही, भूक लागत नाही. झोपणं वेगळं. झोपेत श्वास चालू असतो."

मुलाने जरा विचार केला. "हृदय?"

"तेही चालू असतं."

तो उठला, माझ्या खोलीबाहेर गेला, गाडीपर्यंत गेला. बाबांनी काच खाली केली. त्याने खिडकीतून हात घालून त्यांच्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. मी आणि आई दारातून बघत होतो. बाबा रडत होते.

मोजमापात न बसणारं

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखावर पुस्तक संपादित केलं: जे दुःख उघडपणे मानलं जात नाही, ज्याला समाजाची मान्यता नाही, जे चारचौघांत व्यक्त करता येत नाही. पाळीव जनावराचं दुःख त्यात अगदी चपखल बसतं. आईने कामावर एक दिवस रजा घेतली तेव्हा 'ताप' असं कारण लिहिलं होतं. आम्हा व्यावसायिकांचीही गत वेगळी नाही. लांबलेल्या शोकाला २०२२ पासून अमेरिकी निदानपुस्तिकेत स्वतंत्र विकार म्हणून जागा आहे, पण तिथे मेलेली 'व्यक्ती' लागते. मांजर त्या रकान्यात लिहिता येत नाही. आईला तो विकार होता असं मला सुचवायचं नाही. तिला शोक होता, एवढंच. पण तो लिहून ठेवायला कुणाकडेच जागा नव्हती.

दुसऱ्या भेटीत आई एकटी आली. रात्री नऊला तिचे पाय आपोआप उठतात. पहाटे पांघरुणावर, पायांपाशी, वजन जाणवतं. "मला वेड लागतंय का?" असं तिने विचारलं. नाही. डेवी रीस या डॉक्टरांनी १९७१ मध्ये जोडीदार गमावलेल्या २९३ जणांना विचारलं होतं. जवळपास निम्म्यांनी गेलेल्या माणसाची चाहूल कुठल्या ना कुठल्या रूपात लागल्याचं सांगितलं. ती माणसांची पाहणी होती हे खरं. पण सतरा वर्षं जे वजन पायांपाशी असतं ते शरीर एका आठवड्यात विसरेल तरी कसं?

मग ती म्हणाली, "ती गेली त्या रात्री मी सात तास सलग झोपले." आणि ओशाळून गप्प झाली. चौदा महिने शुश्रूषा केलेल्या माणसाला सुटका वाटणारच. पण सुटका वाटली म्हणजे आपल्याला ती जायलाच हवी होती, असा हिशोब मन लगेच मांडतं.

तिला आणखी एक गोष्ट छळत होती. चिमीचे डोळे शेवटी उघडेच राहिले. "माझ्याकडे बघत होती. 'तू हे काय केलंस' असं." पापणी मिटून ठेवायलाही स्नायू लागतात, मरणानंतर ते सैल पडतात आणि डोळे बहुतेकदा उघडेच राहतात. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दोन वाक्यांचं काम होतं.

मी तिला चिमीला पत्र लिहायला सांगितलं. शोक-समुपदेशनात हा ठरलेला उपाय आहे आणि तो मी फार विचार न करता दिला. तिने कोरा कागद परत दिला. "मी तिला कधी पत्र लिहिलं नव्हतं," ती म्हणाली. "मी तिला सलाइन लावत होते."

तेव्हा मी म्हटलं, वही आणा. आणि बाबांनाही.

तिसरी भेट

याआधी मला आईच्या मनातली साखळी कळली होती. चिमी गेल्यावर बंड्या घरभर फिरून ओरडायचा, नऊ वाजता टॉवेलच्या जागी येऊन बसायचा, अर्धं खाणं टाकायचा. घरातलं एक मांजर गेल्यावर दुसऱ्याच्या वागण्यात असा फरक पडतो, हे अनेकांनी पाहिलेलं आहे; २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीतही सुमारे ४५० मांजरांबद्दल त्यांच्या पाळणाऱ्यांनी असंच काहीसं सांगितलं. अर्थात सांगणारे स्वतःच शोकात होते, तेव्हा त्यात मांजराचं किती आणि माणसाचं किती, हे वेगळं काढणं अवघड. आईच्या घरात मात्र शंका उरली नव्हती. बंड्या चिमीच्या मागे झुरून मेला. चिमीला इंजेक्शन द्यायचं आईने ठरवलं. म्हणजे दोन्ही मरणं तिच्याच माथी.

बाबांनी खुर्ची थोडी मागे ओढून घेतली. बोलताना बंड्या 'तो' होता आणि चिमी 'हिची चिमी'. मी बंड्याबद्दल विचारलं. रोज सकाळी तो बाबांच्या डाव्या बुटावर बसायचा, त्याला उचलल्याशिवाय बूट घालता यायचा नाही. गेले पाच आठवडे बाबा चपलांवर कामाला जात होते. आईला हे माहीत नव्हतं. म्हणजे चपला दिसत होत्या, बूट दिसत नव्हते.

मग ते सलग बोलले. पहाटे सव्वापाचला मोरीतून आवाज आला. मांजराचा तसा आवाज त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. बंड्या पुढच्या पायांवर स्वतःला ओढत होता, मागचे दोन्ही पाय लोळागोळा. पंजे गार. "एका हाताने गाडी चालवली. दुसऱ्या मुठीत त्याचे मागचे पंजे धरले होते. गरम होतील म्हणून. नाही झाले."

आणि मग: "तो वाटेत गेला नाही. दवाखान्यात गेला. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा आजार होता, गाठ अडकली आहे, फार दुखतंय, वाचण्याची आशा कमी. वीस मिनिटांत मी सही केली."

आई त्यांच्याकडे बघत राहिली.

"हिला आधीच एक सही करावी लागली होती," ते माझ्याकडे बघत म्हणाले. "मला अजून एक घरात आणायची नव्हती."

मला वाटलं, आता आई चिडेल. तिने वेगळंच विचारलं. "म्हणजे तो कशाने मेला, ते तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी पाच आठवडे समजतेय की तो झुरून मेला."

बाबांना हे कुठे माहीत होतं! तिच्या मनातला हिशोब तिने त्यांना कधी सांगितलाच नव्हता. त्यांनी तिला वाचवायला सही लपवली, आणि सहीबरोबर कारणही लपलं.

ते उठून गाडीकडे गेले आणि समोरच्या कप्प्यातून चार घड्या घातलेला कागद घेऊन आले. दवाखान्याचा केसपेपर.

तो कागद घेऊन दोघं नंतर त्या डॉक्टरांना भेटले. आईने प्रश्न लिहून नेले होते, त्याच वहीच्या मागच्या पानावर. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. मांजरांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा हृदयविकार हाच, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी: हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होत जाते. बोक्यांमध्ये जास्त दिसतो. कित्येक मांजरांत काहीच लक्षण दिसत नाही. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गाठ धरते, ती सुटते आणि महाधमनीला मागच्या पायांकडे फाटा फुटतो तिथे जाऊन अडकते. एका क्षणात दोन्ही पायांचं रक्त बंद. म्हणून पंजे गार.

आईने सरळ विचारलं, दुःखाने हे झालं का? डॉक्टरांनी गुळमुळीत धीर दिला नाही, याचं मला कौतुक वाटतं. ते म्हणाले, आधीच दुखऱ्या हृदयावर ताणाने भार येऊ शकतो. पण भिंत अशी जाड व्हायला नऊ आठवडे पुरत नाहीत. चिमी जिवंत असतानाच हा आजार त्याच्यात होता.

वहीचं वाचन

चौथ्या भेटीत वही मोठ्याने वाचली. वाचली बाबांनी. त्यांनी ती कधी उघडलेलीच नव्हती. "बारा तारीख, तीन किलो शंभर, शंभर मिली, उलटी नाही. तेरा तारीख, शंभर मिली, उलटी एकदा, नंतर खाल्लं." असं पानामागून पान. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही, आणि या प्रकरणात माझं सगळ्यांत चांगलं काम तेच झालं असं मला वाटतं. पाऊण तासाने त्यांचा आवाज बसला. वजन दोन किलो तीनशेवर आलं होतं.

शेवटच्या आठवड्यांतल्या बेरजा आल्या. सदतीस, तेहतीस, छत्तीस.

"हा खोटा," आई म्हणाली. "छत्तीस खोटा आहे. आनंदाला मी दोन दिले होते, खोडून पाच केले. पुढेही एकदा केलंय."

तोपर्यंत तिची तक्रार होती की आपण घाई केली. आता कळलं, तिला उशीर केल्याचंही तितकंच लागून राहिलं होतं. हे दोन्ही आरोप एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदतात. मी हे इतक्यांदा पाहिलंय की एक ऐकला की दुसऱ्याची वाट बघते. बाबांनी पान वर उचलून उजेडात धरलं, खोडलेला दोन बघितला, आणि पुढची ओळ वाचली.

शेवटची नोंद: रात्री ९, शंभर मिली, शांत. त्याखाली महिनाअखेरपर्यंतच्या तारखा घालून ओळी आखून ठेवलेल्या होत्या. अकरा ओळी, कोऱ्या.

ताई

पाचवी भेट व्हिडिओ कॉलवर, ताईसाठी. तिला चिमीचं कळलं ते चार दिवसांनी, शेवटचा पेपर झाल्यावर. बंड्याचं त्याच दिवशी कळवलं होतं, पण ती तेव्हाही आली नव्हती.

"ती मेल्यावर दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला तिचा व्हिडिओ दाखवत होते," ती म्हणाली. "'बघ कशी तिरकी चालते' म्हणून हसत होते. तुम्हाला माहीत होतं आणि मी हसत होते."

आई म्हणाली, पेपर होता. बाबा म्हणाले, तुझ्यासाठीच. ताईने मान हलवली, ती होकाराची नव्हती. आपण 'रागाच्या टप्प्यात' अडकलोय असंही तिने वाचून ठरवलं होतं. शोकाचे पाच टप्पे म्हणतात, राग त्यातलाच एक; ते एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांवरून. मागे राहिलेल्यांचं ते वेळापत्रक नव्हे. मी तिला एवढंच म्हटलं की तुझा राग हा टप्पा नाही, त्याला सरळ कारण आहे. या प्रकरणात टाळता आली असती अशी एकच जखम आहे, आणि ती हीच. पेपर कदाचित वाईट गेला असता. त्याची किंमत काय असते ते मी जाणते, तरीही माझं मत बदलत नाही.

घरी का येत नाहीस, असं विचारल्यावर ती बराच वेळ गप्प होती. "मी इथे आहे तोवर ती दोघं घरी आहेत," ती म्हणाली. "घरी आले की नसतील."

पुढे

चार महिन्यांनी आईचा फोन आला. मुलगा झोपतो. अधूनमधून बाबांच्या छातीवर हात ठेवून बघतो, पण पापण्या उघडत नाही. बाबा पुन्हा बूट घालतात. नवं मांजर आणायचं का, यावर घरात एकमत नाही. मुलाला हवंय, बाबा विषय निघाला की उठून जातात. आई नऊला अजूनही उठते, ओट्यापाशी जाते, थोडा वेळ उभी राहते आणि परत येते.

ताई सुट्टीत आली होती. पहिले दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने वही मागितली आणि खोलीत नेऊन दार लावून घेतलं. वसतिगृहात परतताना वही टेबलावर ठेवून गेली. आईने नंतर उघडून बघितली. कोऱ्या अकरा ओळींपैकी पहिल्या चार ताईने तशाच सोडल्या होत्या. पाचवीत, वजनाच्या आणि मिलीच्या रकान्यांवरून सरळ पुढे लिहीत, तिच्या अक्षरात होतं: आज मला कळलं.